अक्कानं सांगितलं होतं

अक्काच्या वर्षश्राद्धाला बेंगळुरात बनशंकरीला तिच्या घरी गेले होते. जेवणं झाली, पानं उचलली, आणि तिची लेक वनजा माझ्याजवळ येऊन बसली. म्हैसूरला दिलेली पोर, दोन लहान मुलांची आई. हळूच म्हणाली, "मावशी, सगळं नीट झालं, पण एक गोष्ट मनातून जात नाही. आईनं आजार लपवला. माझ्यापासूनसुद्धा." पलीकडं आमच्या कारखान्यातल्या दोघीतिघी बसल्या होत्या. त्यांनी माना हलवल्या. अक्का अशीच, म्हणाल्या, अंगावर काढणारी, कुणाला बोलायची नाही.

मी तिथं गप्प राहिले. घरात पाहुणे होते, आणि मी एकदा बोलायला लागले की मला आवरत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. पण बसमधून परत येताना ठरवलं, हे लिहायचं. अक्कानं लपवलं नव्हतं. सांगितलं होतं. कुणाला आणि कसं सांगितलं ते मी लिहिते, म्हणजे वनजाच्या जिवाला थोडी शांतता मिळेल. यात एक मुलगा येईल, त्याचं नाव मी बदललं आहे. त्याला बोल लागू नये अशी अक्काचीच इच्छा होती.

बेंगळुरात पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं आम्ही दोघी एका लहान कारखान्यात डिस्पॅचला होतो. पितळेचे नोझल बनायचे आमच्याकडं, म्हणजे फवाऱ्याची तोंडं. बोटाएवढी वस्तू, पण विमानानं जायची. जर्मनी, केनिया, कुठं कुठं. पुरुषमाणसं पुढच्या शेडमध्ये मशीनवर, आम्ही मागच्या खोलीत. मी नोझल बटर पेपरात गुंडाळायची, अक्का खोकी भरायची आणि कागद करायची. एका खोक्याला किती कागद लागतात हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. माल काय आणि किमतीचा किती, ते सांगणारा इनव्हॉइस. कुठल्या खोक्यात काय, त्याची पॅकिंग लिस्ट. माल कुठल्या जातीचा ते सांगणारा एक लांबलचक आकडा. कुरिअरचं बिल, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता. हे सगळं पारदर्शक पाकिटात घालून खोक्याच्या अंगाला चिकटवलं की मग अक्का कॉफीच्या लोट्याला हात लावायची. त्याआधी कॉफी गार झाली तरी चालेल.

तिचं खरं नाव लीलावती. शिंप्याची मुलगी. बेंगळुरातली जुनी मराठी माणसं ही, माझ्यासारखी निपाणीहून पोटासाठी आलेली नव्हेत. किती पिढ्या झाल्या विचारलं तर म्हणायची, "फौजेबरोबर आलो आम्ही, कपडे शिवत. फौज पुढं गेली. आम्ही उसवलेलं शिवत इथंच राहिलो." वडिलांचं दुकान चिकपेटेच्या बाजूला होतं, ते कधीच गेलं. राहिली ती त्यांची कात्री. काळी, जड, दोन हातांनी उचलावी अशी. कारखान्यानं टेप कापायला नवं यंत्र दिलं होतं, अक्का कात्रीच वापरायची. इंग्रजी अक्षरं तिला शाळेतून नाही, शाळेच्या गणवेषावरून आली होती. खिशावर मुलांची नावं भरायची लहानपणी. त्यामुळं ती लिहायची नाही, टाके घालायची. "ई ला चार टाके गं, एफ ला तीन. एफ म्हणजे खालचा टाका राहून गेलेला ई." मला तिनं इंग्रजी असंच शिकवलं. आजही दुकानाची पाटी वाचताना माझ्या मनात सुई चालते.

खोकं भरून झालं की ते कानाशी धरून हलवायची. आतून जरा जरी खुळखुळलं तरी टेप फोडून पुन्हा भरायची. आवाज आला नाही की म्हणायची, "गप बसलं. सरी, आता जाऊ दे." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे. बाकी कारखान्याशी ती कन्नडमध्ये बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि खोक्यांशीही मराठीत.

एकदा तर तिच्या भरण्याची फजिती झाली. केनियाला माल गेला, आणि तिकडून साहेबांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. दोन धिप्पाड माणसं आमचं खोकं मध्ये ठेवून बसलेली. एकाच्या हातात करवत. टेपवर टेप, त्यावर पट्टी, आत पुन्हा पुठ्ठा, ते बिचारे घामाघूम. शेवटी एकानं खोक्याला हात जोडले. सगळा कारखाना हसला. अक्कानं तो व्हिडिओ माझ्या फोनवर घेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. मी म्हटलं, "लाज वाटते का गं?" तर म्हणाली, "लाज वाटते. पण बघ, करवत लागली." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खोक्याला एक लाल नाडीचं टोक बाहेर ठेवायला लागली, ओढलं की टेप फाटेल असं. नाडी परकराची.

दुसरी गोष्ट चटणीची. साहेबांची पत्नी एक दिवस स्वतः डिस्पॅचला आली. तिचा भाचा जर्मनीत, आमचं गिऱ्हाईक होतं त्याच गावात. कारळ्याच्या चटणीची पुडी आणली होती. म्हणाली, अक्का, नोझलच्या खोक्यात एवढी सरकवून द्या, जागा आहे. अक्का म्हणाली, सरी. पुडी घेतली, तीन पिशव्यांत घातली, खोक्यात नीट बसवली. आणि पॅकिंग लिस्टवर नोझलच्या खाली एक ओळ वाढवली. घरगुती चटणी, पुडी एक.

सही करायला कागद साहेबांपुढं गेला तेव्हा साहेब धावत आले.

"अक्का, हे काय लिहिलंय?"

"चटणी, साहेब."

"ते कळलं. कागदावर कशाला?"

"आत आहे म्हणून बाहेर लिहिली."

"अहो, तिकडं कस्टमवाले चटणीसाठी नोझल अडकवून ठेवतील."

"मग आतून काढू? आत नसली तर बाहेर लिहायची नाही मी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. चटणी निघाली. ती आम्ही दुपारी डिस्पॅचमध्ये भाकरीबरोबर खाल्ली, साहेबांनीही एक घास घेतला, आणि बाईसाहेब पुढं बरेच दिवस अक्काशी बोलल्या नाहीत. अक्काला त्याचं काही नाही. आत एक आणि बाहेर एक तिला जमायचंच नाही. पोटात दुखलं तर दुखलं म्हणायची, साडी आवडली नाही तर तोंडावर सांगायची. म्हणून तर वनजा म्हणाली तेव्हा माझ्या काळजात कळ आली. लपवण्याचं कसब त्या बाईच्या हातातच नव्हतं.

मग निखिल आला. पुण्याचा मुलगा, एक्सपोर्टचं सगळं बघायला नेमलेला, आमची रजाही त्याच्याच हातात. कोरमंगल्याला पीजीत राहायचा, तिथून रोज पीण्याला यायचा, म्हणजे निम्मा दिवस रस्त्यातच. पहिल्या दिवशी आम्हाला मराठीत बोलताना ऐकलं आणि त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. गावाकडचं कुणी भेटावं तसा. मला काकू म्हणायला लागला. आणि अक्काला, सगळे अक्का म्हणतात म्हणून तेच नाव समजून, अक्का मॅडम. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाचं नाव घालायचं होतं.

"अक्का मॅडम, तुमचं आडनाव?"

"अक्काला कसलं आडनाव बाळा, सगळ्यांची अक्का."

त्यानं नुसतं अक्का लिहिलं. महिनाभर प्रत्येक इनव्हॉइसच्या खाली छापून यायचं, तयार करणार मिसेस अक्का. कुरिअरवाले हसायचे. अक्कानं ते बदलू दिलं नाही.

ती त्याच्यासाठी डबा आणायची. एकदा आणलं सार.

"अक्का मॅडम, हे रसम आहे."

"आमच्यात सार म्हणतात."

"लागतं रसमसारखं."

"मग रसम समजून पी. पोटात गेल्यावर त्याला नाव विचारतोस का?"

तो मुलगा वाईट नव्हता, हे मला इथंच सांगू दे. कामात चोख, बोलायला गोड. तिला आणि त्याला एकमेकांचा लळा लागला. कारखान्यातल्या बायकांना ती कन्नडमध्ये सांगायची, आमचा मुलगा आहे, आमच्या भाषेचा. आणि त्याच्याशी बोलताना आपलं मराठी निवडून घ्यायची, तांदळातून खडे काढतात तसं. तोंडात 'स्वल्प' आलं की थांबायची, "थोडं, थोडं," म्हणायची. मी चिडवायची, "आमच्याशी बोलताना बरे चालतात खडे." तर म्हणायची, "तू घरची. तो पुण्याचा आहे गं, त्याला शुद्ध द्यायला पाहिजे."

तेव्हाच नवीन कॉम्प्युटर आला. आता इनव्हॉइस त्यातच करायचा, हातानं नाही. निखिल रोज दुपारी अक्काला शेजारी बसवून शिकवायचा. तिला ते आवडत होतं आणि जड जात होतं, दोन्ही. हे चाललेलं असताना माझ्या लेकीचं बाळंतपण आलं आणि मी निपाणीला गेले.

अक्काचे फोन यायचे. बाळ काय करतं, दूध पुरतं का, टाळू भरतेस का. तू कशी आहेस म्हटलं तर, "तू ये, मग बोलू." आवाज बारीक वाटायचा. मला वाटलं, माझ्याविना करमत नाही. बारशाच्या घरी आपल्या दुखण्याची गोष्ट काढू नये, हा तिचा विचार मला पुढं कळला.

मग कारखान्यातून फोन आला. खोकं बंद करता करता अक्का खाली बसली आणि उठलीच नाही. तिला दवाखान्यात नेलं होतं. मी मिळेल ती बस धरली.

पित्ताच्या पिशवीत खडा होता. बरेच दिवस दुखत असणार, ताप येऊन जात असणार. पिशवी आतल्या आत सडून फुटली आणि विष अंगभर पसरलं. डॉक्टरीण बाई चांगली होती, पण माझ्यावरच चिडली. थोडं आधी आणलं असतं तर साधं ऑपरेशन होतं हो, म्हणाली. तुम्ही लोक कशाची वाट बघता?

मी आत गेले. पलंगावर अक्का एवढीशी दिसत होती. नाकात नळी, डोळे पिवळे. वनजा म्हैसूरहून निघाली होती, अजून पोचायची होती. मी हात धरला आणि पहिलं तेच विचारलं, कारण माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

"रजा का नाही घेतलीस?"

"मागितली."

"मग?"

"मिळाली नाही."

"कोण नाही म्हणालं?"

मी पुन्हा विचारलं. तेव्हा भिंतीकडं बघत म्हणाली, "निखिल."

मला खरं वाटेना. "काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, सोडणार नाही."

"एकदाच विचारलंस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तर हातावर टाळी दिली माझ्या."

"अगं मग साहेबांना सांगायचं. त्या बायकांना सांगायचं. वनजाला तरी."

"वनजाला दवाखान्यात दाखवून आल्यावर सांगणार होते. आधी सांगितलं तर पोरं टाकून पळत येते ती." मग जरा दम घेऊन म्हणाली, "आणि बायकांना काय सांगू? आमचा मुलगा, आमचा मुलगा करत होते मी. त्या म्हणाल्या असत्या, बघा तुमचा मुलगा."

बायांनो, मी आयुष्यात पुष्कळ रागावले आहे. नवऱ्यावर, सासूवर, नळाच्या पाण्यावर. पण असा राग मला कधी आला नव्हता. मरायला टेकलेल्या बाईला हसून सोडणार नाही म्हणतो. मी बाहेरच्या बाकावर बसून त्याची वाट बघत राहिले. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. आई आहे का तुला, इथून सुरुवात करणार होते.

दुपारी भेटायच्या वेळेला तो आला. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी आणि शहाळं. मला बघून जवळ आला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काकू, बरं झालं तुम्ही आलात. अक्का मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. तोंड फिरवतात. मी काय केलं तेच कळत नाही." डोळे भरले होते त्याचे. मला वाटलं, ढोंगी आहे. म्हटलं, "चल आत. तिच्यासमोरच विचारते."

आत गेलो. अक्कानं त्याला पाहिलं आणि मान वळवली. तो पलंगाच्या कडेला उभा राहिला, मग तिला बरं वाटावं म्हणून बोलायला लागला, मुलं बोलतात तसं, भराभरा.

"अक्का मॅडम, परवा तुम्ही केलेला जर्मनीचा इनव्हॉइस गेला बरं का. एक चूक नाही. काकू, तुम्ही नव्हता तेव्हा एकदा म्हणाल्या, निखिल, मला हुशार नाही रे, चार दिवस सोड मला. मी म्हटलं, सोडणार नाही. असं म्हणायचं नाही, तुमच्यासारखं हुशार इथं कोण आहे? तर पुन्हा तेच, मला हुशार नाही. शेवटी मी टाळीच दिली, म्हटलं, शिकल्याशिवाय सुटका नाही. आणि बघा, शिकल्या की नाही सगळं?"

आणि मला कळलं.

तुम्ही पुण्याकडचे असाल तर तुम्हालाही कळलं नसेल, म्हणून सांगते. आमच्या बेंगळुरात अंगात बरं नसलं की कन्नडमध्ये म्हणतात, हुषारिल्ला. इथल्या जुन्या मराठी घरांत तेच मराठी होऊन बसलंय. मला हुशार नाही, म्हणजे मला बरं नाही, मी आजारी आहे. निपाणीहून आलेल्या मलासुद्धा ते इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. अक्काला तर तो शब्द परका आहे हेच ठाऊक नव्हतं. मराठीच आहे की तो, फक्त अर्थ तिकडचा. सगळे खडे निवडले तिनं त्याच्यासाठी, हा तेवढा तांदळासारखाच दिसणारा राहिला. साहेबांना, शिपायाला, कुरिअरवाल्याला, कुणालाही तिनं कन्नडमध्ये हा एक शब्द सांगितला असता तर लोकांनी तिला रिक्षात घालून त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. तिनं सांगितलं ते आपल्या माणसाला, आपल्या भाषेत.

मी अक्काकडं पाहिलं. तिची मान हळूहळू वळली. ती त्याच्याकडं बघत होती, एकटक, जणू तो आत्ताच खोलीत आला. ओठ हलले. तिला कळलं होतं. माझ्याआधी कळलं असेल.

मी म्हटलं, "निखिल, अरे तिला म्हणायचं होतं..."

"सुम्निरु," अक्का म्हणाली. गप्प राहा, म्हणजे. कन्नडमध्ये म्हणाली, त्याला कळू नये म्हणून. नळी लावलेला हात उचलून तिनं माझं मनगट धरलं, आणि त्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. "हुडुगा अवनु," म्हणाली. पोरगं आहे ते.

निखिल आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिला. "काय म्हणाल्या?"

अक्कानंच उत्तर दिलं. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "काही नाही रे. हिला सांगत होते, तू चांगलं शिकवलंस." मग दम घेतला. "झाले की नाही मी हुशार?"

"एकदम," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखं बाहीनं नाक पुसलं. "तुम्ही लवकर या. मिसेस अक्काशिवाय इनव्हॉइस कोण करणार?"

"येते. तू जा आता, कुरिअरच्या गाडीची वेळ झाली. खोकी तशीच पडली असतील."

तो शहाळं ठेवून, दारातून दोनदा मागं बघून गेला. त्यानंतर अक्का फार काळ राहिली नाही. संध्याकाळी वनजा आली तेव्हा अक्काला बोलवत नव्हतं. वनजा, म्हणून तुला हे तुझ्या आईच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही, आणि मलाही हे वर्षभर सांगवलं नाही.

पण त्या दुपारी, तो गेल्यावर, ती दाराकडं बघत पडली होती. आजाराचं तिला काही विचारायचं नव्हतं, डॉक्टर काय म्हणाली तेही नाही. तिच्या तोंडावर असं सुख होतं की मला तिथं उभं राहवेना. माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, "त्यानं नाही म्हटलंच नव्हतं गं."